मुंबई, मोजमापासह

आमच्या फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला आहे. सोमवारी घारापुरी बंद. सोमवारीच तारांगण बंद. बुधवारी राणीबाग बंद. रविवारी सगळं उघडं, पण रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आणि आम्ही राहतो डोंबिवलीत; म्हणजे रविवारी मुंबई उघडी आणि आम्ही बंद. मुंबई बघायला येऊ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा तक्ता मी फोनवर सावकाश वाचून दाखवतो. त्यात काही जण गळतात. जे गळत नाहीत ते कल्याणला उतरतात.

यंदा दिवाळीनंतर उतरले ते आमचे साडू. जळगावचे. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. खात्यात हाताखालची माणसं त्यांना रावसाहेब म्हणत. नोकरी संपली तरी हुद्दा घरच्यांनी चालू ठेवला. त्यांच्यामागून माझी मेहुणी, तिच्यामागून कॉलेजात जाणारा भाचा आणि सर्वांत शेवटी, "डाग मोजले का रे?" असं विचारत सासूबाई. डागांमध्ये एक गोणी भरताच्या वांग्यांची होती. जळगावचा माणूस हिवाळ्यात रिकाम्या हाताने घराबाहेर पडत नाही.

रात्री भरीत खाताना मागण्या सादर झाल्या. भाच्याला मन्नत आणि अँटिलिया बघायचं होतं. मेहुणीला दादर, मंगळदास मार्केट आणि वेळ उरला तर समुद्र. सासूबाईंना सिद्धिविनायक, महालक्ष्मी, मुंबादेवी आणि तारापोरवाला मत्स्यालय. लग्न झाल्या झाल्या सासरेबुवांनी ते दाखवलं होतं आणि त्यातला एक मासा सासरेबुवांसारखा दिसत होता, एवढं त्यांच्या लक्षात होतं. रावसाहेब काहीच बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक जाड, लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढून ताटाशेजारी ठेवली.

"ही एम. बी.," ते म्हणाले.

ज्यांचा सरकारी बांधकामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एम. बी. म्हणजे मेजरमेंट बुक. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, उंची तीत लिहायची, सही करायची आणि मग बिल निघायचं. एम. बी.त जे नाही ते पृथ्वीवर झालेलंच नाही, अशी रावसाहेबांची नोकरीभर श्रद्धा होती. त्या श्रद्धेपायी त्यांनी कितीतरी ठेकेदारांना रडवलं होतं आणि स्वतः कधी पहिल्या माळ्याच्या वर घर बांधलं नव्हतं.

"साडूभाऊ, एकदा मुंबईची एम. बी. करून टाकू," ते म्हणाले.

सुरुवात अर्थात गेटवेपासून. तिथे गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोवाले धावून आले. ताजच्या घुमटाचं टोक चिमटीत धरलंय असा फोटो काढून देतात ते. भाच्याने काढून घेतला, मेहुणीने काढून घेतला, सासूबाईंनीही "मला नको" म्हणत बरोबर कोनात हात धरला. रावसाहेब मात्र कमानीकडे तोंड करून वही उघडून उभे.

"उंची?"

"२६ मीटर." मी आदल्या रात्री अभ्यास केला होता. साडूसमोर अज्ञान दाखवणं म्हणजे बायकोच्या माहेरी कायमची नोंद.

"खर्च?"

"२१ लाख."

"त्या वेळचे?"

"त्या वेळचे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरले, त्या भेटीची आठवण म्हणून बांधली. ते आले डिसेंबर १९११ मध्ये."

"आणि काम पूर्ण?"

"१९२४."

रावसाहेबांनी पेन खाली घेतलं. "मग राजा आला तेव्हा इथे काय होतं?"

"पुठ्ठ्याची कमान."

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज पसरू लागलं. मी पुढे सांगत गेलो. कोनशिला १९१३ मध्ये बसवली. मग जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर व्हायला वर्ष गेलं. मग समुद्रात भराव टाकण्यात १९१९ उजाडलं. मग बांधकाम. आणि कमानीपर्यंत नेमका समोरून येणारा जो रस्ता व्हायचा होता तो पैसे संपल्यामुळे झालाच नाही, म्हणून आजही आपण रस्त्याने येतो तेव्हा गेटवे जरा तिरका दिसतो.

"जोडरस्ता निधीअभावी प्रलंबित," रावसाहेब लिहिता लिहिता पुटपुटले. मग त्यांनी त्या पिवळसर बसाल्ट दगडाकडे अशा काही मायेने पाहिलं, की जणू भरतभेट चालली आहे. "साडूभाऊ, मी समजत होतो इंग्रजांचं काम वेगळं असतं. हे तर अगदी आपल्या खात्याचं वाटतं हो."

मी त्यांना शेवटचा तपशीलही दिला: ज्या राजासाठी ही कमान उभारली त्याला तिच्यातून यायला मिळालं नाही, पण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी मात्र हिच्यातूनच बाहेर पडली. रावसाहेबांनी मान डोलावली आणि नोंद केली: "आवक शून्य. विसर्ग समाधानकारक."

घारापुरीची लाँच तिथूनच सुटते. तास-सव्वा तासाचा प्रवास. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे पडतात आणि ते दिल्याबद्दल डोक्यावर ऊन मिळतं. थंडीच्या दिवसांत लाँचच्या मागे समुद्रपक्ष्यांचा थवा लागतो आणि लोक त्यांना वेफर्स, गाठ्या, चिवडा, मिळेल ते चारतात. इतक्या लांबून स्थलांतर करून येणारा पक्षी परत जाताना बहुधा गुजराती फरसाणाची सवय घेऊन जात असावा. बेटावर उतरल्यावर एक छोटी गाडी आहे, ती संपली की १२० पायऱ्या. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं. या पायऱ्या चढायला माणसाला किती वेळ लागतो ते त्याच्या दमावर नसतं, बरोबरच्या बायकांवर असतं. सासूबाई खुर्चीच्या डोलीतून वर जाऊन, चहा पिऊन, एका माकडाशी भांडूनही झाल्या तरी माझी बायको आणि मेहुणी तिसाव्या पायरीवर माळांचा भाव करत होत्या.

लेण्यात गेल्यावर मला वाटलं, आता काही वही उघडत नाही. समोर अंधारातून ती त्रिमूर्ती पुढे येते तेव्हा माणूस गप्पच होतो. जवळजवळ वीस फुटांचे ते तीन चेहरे. मधला शांत, एका बाजूचा उग्र, दुसऱ्या बाजूचा कोवळा. भाचासुद्धा फोन खिशात ठेवून उभा राहिला. रावसाहेब बराच वेळ पाहत होते. मग एका खांबावर त्यांनी हलकेच टिचकी मारली.

"हा खांब वर टेकू देत नाही. तो आधीपासून वरच्या दगडाला जोडलेलाच आहे. बरोबर?"

"सगळं एकाच डोंगरात कोरलंय."

"म्हणजे हे बांधकाम नाही. खोदकाम आहे." ते जरा अस्वस्थ झाले. "खोदकामाची एम. बी. उलटी असते, साडूभाऊ. जे उभं आहे त्याचा पैसा मिळत नाही. जे काढून नेलं त्याचं माप धरतात. हा महादेव हिशेबात नाहीच. त्याच्या आजूबाजूला जे आता नाहीये तेवढंच खरं काम."

घारापुरीवर मी पुष्कळ वाचलं आहे, पण इतकं चांगलं वाक्य त्यात कुठे भेटलं नाही. रावसाहेबांना अर्थात त्याचा पत्ता नव्हता. ते निघालेला राडारोडा कुठे टाकला असेल याचा विचार करत खाली उतरले. बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती थेट २०१८ मध्ये, हे कळल्यावर मात्र त्यांनी वीज मंडळाच्या बाजूने बरीच सहानुभूती दाखवली. पाण्याखालचं काम असतं, दिसत नाही, लोकांना वाटतं काहीच चाललेलं नाही, वगैरे.

"पण काका, एलिफंटात एलिफंट कुठंय?" भाच्याने विचारलं.

एलिफंट राणीबागेत आहे. बेटाच्या बंदराजवळ एक मोठा दगडी हत्ती होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ते नाव दिलं. पुढे १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला आणि उचलतानाच तो पडून फुटला. मग तुकडे मुंबईत आणून जोडले. आता तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. भाच्याने एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे हत्तीसाठी वेगळं तिकीट."

फोर्टात फिरताना हाच प्रकार पुन्हा झाला. काळा घोडा बघायचा होता. मूळचा घोडा, त्याच्यावर बसलेल्या युवराज एडवर्डसह, १९६५ मध्ये तिथून हलवला. कुठे? राणीबागेत. २०१७ साली त्या जागेजवळ नवा काळा घोडा बसवला, तो एकटाच आहे. रावसाहेबांनी लिहिलं: "मूळ काम स्थलांतरित. बदली काम पूर्ण, स्वार वगळून."

राजाबाई टॉवरपाशी सासूबाई रमल्या. १८७८ साली पुरा झालेला २८० फुटी मनोरा. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं. आई दृष्टीने अधू, दिवस मावळायच्या आत जेवणारी. तिला टोल्यांवरून वेळ कळावी म्हणून हे घड्याळ, अशी गोष्ट सांगतात. सासूबाईंनी वर पाहिलं, मग दोन्ही जावयांकडे पाहिलं. आम्ही दोघांनी आपापल्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. वर जायला परवानगी नाही, त्यामुळे टॉवर रस्त्यावरूनच बघितला.

सीएसएमटी ही इमारत मी कामाच्या दिवशी आतून बघतो, म्हणजे बघतच नाही. आत माणसाला फक्त इंडिकेटर दिसतो. ती बघायची तर रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहावं लागतं. तिथे पाहुण्यांबरोबर उभं राहिल्यावर कळतं की फ्रेडरिक स्टीव्हन्सने दहा वर्षं लावून हे काय करून ठेवलंय. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. भिंतींतून मोर, माकडं, पानंफुलं. आणि घुमटाच्या शेंड्यावर 'प्रगती' नावाची एक बाई. तिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक. खाली प्लॅटफॉर्मवर रोज संध्याकाळी एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात मेथीची जुडी घेऊन बदलापूर फास्टमध्ये शिरणाऱ्या बायका मला माहीत आहेत. प्रगतीला निदान चढायचं तरी नसतं. युनेस्कोने २००४ मध्ये या स्थानकाला जागतिक वारसा म्हटलं. या वारशात गर्दीच्या वेळी चौथी सीट मिळते, तीही अर्धी.

मग गुरुवार पाहून राणीबाग. मला खरं तर मुंबईतलं हे सर्वांत आवडतं ठिकाण आहे, आणि ते प्राण्यांमुळे नाही. ज्याला मुंबईत ठेवायचं नव्हतं पण फेकवतही नव्हतं, असं सगळं इथे येऊन राहिलं आहे. घारापुरीचा हत्ती इथे. काळा घोडा इथे. ज्या राणीच्या नावाने लोक या बागेला ओळखतात ती व्हिक्टोरिया राणीही, आपला संगमरवरी पुतळा घेऊन, फ्लोरा फाउंटनजवळची भर वस्तीतली जागा सोडून इथेच आली. बागेला आता वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव आहे, तरी भायखळ्याला उतरून कुणालाही विचारा, तो राणीबागच म्हणेल. राज्य गेलं, पुतळे गेले, नाव गेलं, तरी पत्ता तोच.

रावसाहेब हत्तीभोवती फिरून सांधे तपासत होते. "जोडकाम बरं आहे," त्यांनी शेरा दिला.

बाकीचे पेंग्विनच्या रांगेत. हम्बोल्ट जातीचे हे पक्षी २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आले आणि पुढच्या वर्षी लोकांना दिसू लागले. काचेपलीकडे त्यांच्यासाठी थंडगार हवा आणि काचेअलीकडे माणसांसाठीही बऱ्यापैकी गारवा. त्यामुळे आत गेलेली माणसं पुढे सरकायला तयार नसतात आणि "चला, चला, पुढे चला" म्हणणारा सुरक्षारक्षक हा तिथला सर्वांत जास्त हालचाल करणारा प्राणी असतो. सासूबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. रक्षक म्हणाला, "आजी, पुढे चला." त्या म्हणाल्या, "ते बघ, ते पण कुठे सरकतायत?"

देवळं, बाजार यांबद्दल फार लिहीत नाही. सिद्धिविनायकाला आम्ही मंगळवार टाळून गेलो तरी रांग मंगळवारचीच होती. मंगळदास मार्केटमध्ये मी आणि रावसाहेब बाहेर चहा पीत उभे राहिलो. आत काय झालं ते नंतर पिशव्यांवरून समजलं. मन्नतच्या फाटकासमोर भाचा इतर भाच्यांच्या घोळक्यात मिसळून गेला. तिथे लोक घराचा फोटो काढत नाहीत, फाटकाचा काढतात. फाटकाशेजारच्या नावाच्या पाटीचा काढतात. आणि खिडकीत काही हललं तर त्याचा काढतात. पडदा हलला. एका मुलीला रडू आलं.

अँटिलियासमोर मात्र रावसाहेबांना प्रथमच खासगी क्षेत्राबद्दल आदर वाटला. २७ मजले, १७३ मीटर.

"साडूभाऊ, वरच्या मजल्यावर पाणी चढवायला पंपाचं हेड किती लागत असेल?"

आम्ही दोघं मान वर करून पंपाचा विचार करत उभे होतो तेवढ्यात एका गणवेशधारी माणसाने नम्रपणे "थांबू नका" म्हटलं. त्याला वाटलं असेल, आम्ही श्रीमंती बघतोय.

पाण्याचा तो विचार घेऊनच आम्ही मलबार हिलवर हँगिंग गार्डनला पोहोचलो आणि इथे रावसाहेबांचं जीवन सफल झालं. ही बाग १८८१ च्या सुमाराची. फिरोजशहा मेहता उद्यान हे तिचं खरं नाव. लोक इथे झुडपं कापून केलेले हत्ती, बैल बघतात, फुलांपुढे उभे राहतात. मी सहज म्हणालो, "या बागेखाली पाण्याची टाकी आहे. दक्षिण मुंबईच्या बऱ्याच भागाला पाणी इथून उताराने जातं."

रावसाहेब जागच्या जागी थांबले. मग खाली बघितलं. मग एक पाय हलकेच उचलून पुन्हा ठेवला.

"म्हणजे मी आत्ता स्लॅबवर उभा आहे?"

"हो."

"कधीची टाकी?"

"इंग्रजांच्या काळातली. सव्वाशे वर्षांहून जुनी. १४ कोटी लिटरच्या वर पाणी मावतं म्हणतात."

त्यानंतर तासभर आम्हाला त्यांचा उपयोग नव्हता. सगळी बाग फुलांकडे बघत होती आणि रावसाहेब हिरवळीतल्या हवेच्या झरोक्यांपाशी वाकून वास घेत होते. "क्लोरिन बरोबर आहे," ते समाधानाने म्हणाले. एका माळ्याला गाठून त्यांनी गळतीची चौकशी केली. माळी म्हणाला, मला झाडांचं माहीत. रावसाहेब म्हणाले, झाडं काय, कुठेही येतात.

समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट. १९५२ सालचं उद्यान. महाराष्ट्रातल्या ज्या घरात जुना अल्बम आहे त्या घरात या बुटाच्या खिडकीतून डोकावणारं एक पोर असतंच. मेहुणी निघाली त्यातलीच. तिला तसाच फोटो पुन्हा हवा होता. पण बूट आहे मुलांसाठी. पन्नाशीच्या मुलीला आत कोण सोडणार? ती टाचेशी उभी राहिली, सासूबाईंनी तिचा हात धरला, भाच्याने फोटो काढला. "आई, तेव्हा तू मला आत ढकललं होतंस," मेहुणी म्हणाली. "ढकललं नसतं तर गेली असतीस का?" सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. सगळी माणसं कठड्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसली होती, रावसाहेब खाली वाकून टेट्रापॉडकडे. हे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे १९५० मध्ये फ्रान्समध्ये निघाले, लाट अडवण्याऐवजी ती फोडतात, एकमेकांत अडकून बसतात म्हणून हलत नाहीत, असं ते मला समजावत होते. शेजारी एक जोडपं एकमेकांत अडकून बसलं होतं, ते मात्र थोड्याच वेळात हललं.

सासूबाईंचं लक्ष वेगळीकडे होतं. "मासे इथंच कुठेतरी होते ना?"

होते. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालं आणि गेली काही वर्षं ते बंद आहे. आम्ही फाटकापर्यंत गेलो. सासूबाई बंद इमारतीकडे बघत राहिल्या. मला जरा कसंसंच झालं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना दादरच्या मासळी बाजारात नेलं. आमच्या सासूबाई माळकरी. मासा खाणं सोडा, शेजारच्या घरी तळला तर खिडकी लावतात. पण पदर नाकाला लावून त्या प्रत्येक पाटीसमोर थांबल्या. सुरमई पाहिली, पापलेट पाहिलं, एक जिवंत खेकडा फारच निरखून पाहिला. शेवटी कोळीण म्हणाली, "आजी, घेताय का नुसतं बघताय?"

"बघतेय गं."

"मग तिकीट लावू का?"

सासूबाई इतक्या हसल्या की नाकावरचा पदर सुटला. हलव्याच्या पाटीपाशी येऊन त्यांनी एका माशाकडे बोट दाखवलं. "हा बघ. अगदी तुझे सासरे."

निघायच्या दिवशी कल्याणला गाडी उशिरा होती. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून रावसाहेबांनी एम. बी. पूर्ण केली. उभ्या-आडव्या रेघा, अनुक्रमांक, कामाचे नाव, माप आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मी वाकून बघितलं. राजाबाई टॉवर: बाहेरून. सीएसएमटी: बाहेरून. ताज: बाहेरून. मन्नत: बाहेरून. अँटिलिया: बाहेरून. मत्स्यालय: बाहेरून. म्हातारीचा बूट: बाहेरून. मलबार टाकी: वरून.

त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि शेजारी माझीही सही घेतली. साक्षीदार म्हणून.

"मुंबई चांगली आहे, साडूभाऊ," ते वही पिशवीत ठेवत म्हणाले. "पण आता पावसाळ्यात तुम्ही आमच्याकडे या. हतनूर धरण दाखवतो. ४१ दरवाजे आहेत. आणि सगळेच्या सगळे उघडतात."